बत्तीस मिळवायचे नाहीत

रोज सकाळी साडेआठला मी शून्य बनवतो.
अंबड एमआयडीसी, गाळा नंबर एकोणीस, निळं शटर.
थर्मासमध्ये बर्फाचा चुरा, वर डिस्टिल्ड पाणी,
काचेच्या कांडीने ढवळायचं
पांढरा चुरा राखाडी दिसेपर्यंत.
मग मास्टर थर्मामीटर उभा करून
पंधरा मिनिटं गप्प बसायचं.
शून्याला घाई चालत नाही.

बोरस्ते साहेब म्हणतात,
आपला धंदा तापमान मोजायचा, आपण तापायचं नाही.
हा विनोद त्यांनी पहिल्यांदा केला
तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो.

आमच्याकडे हवा सेल्सियसमध्ये असते
आणि माणूस फॅरनहाइटमध्ये.
पेपरात निफाड पाच अंश,
डॉक्टरच्या चिठ्ठीवर एकशे दोन,
आणि कुणाचाही गोंधळ होत नाही.
आईला विचारलं होतं एकदा.
पाऱ्याची नळी झटकत म्हणाली,
अंगातला ताप वेगळा, उन्हाचा ताप वेगळा,
आणि तुझ्यासारख्या पोराचा तिसराच.

मला मात्र राहवत नाही.
दुप्पट कर, त्यातला दहावा हिस्सा काढ, बत्तीस मिळव.
मे महिन्यात सीबीएसच्या थांब्यावर चाळीस,
म्हणजे शहराला एकशे चार ताप,
आणि कपाळावर घडी ठेवायची म्हटलं
तर गोदावरीला त्या दिवसांत
फडकं भिजेल इतकंच पाणी.
निफाडचे पाच म्हणजे एक्केचाळीस.
मालेगावात एक्केचाळीस माणसाला आडवा करतात,
निफाडच्या एक्केचाळिसात पहाटे बागेत धूर करतात
द्राक्षाचा मणी तडकू नये म्हणून.
आकडा तोच. कुणाच्या तोंडून आला ते विचारावं लागतं.

उणे चाळीसवर दोन्ही पट्ट्या एक होतात म्हणे.
असेल.
आमचा फ्रीझर उणे तिसालाच दम टाकतो.

नसीमा तांबोळी तीन महिन्यांपूर्वी लागली,
वडाळा नाक्यावरून येते, अक्षर सुरेख.
पिंपळगावच्या शीतगृहाचा रिपोर्ट तिने केला.
खोली आणि पेटी यांतला फरक, दोन अंश.
गिऱ्हाइकाला फॅरनहाइट हवं होतं.
तिने लिहिलं पस्तीस पूर्णांक सहा.
मी म्हटलं, बत्तीस मिळवायचे नाहीत.
ती म्हणाली, सूत्रात आहेत की.
आहेत, पण ते बत्तीस म्हणजे
ह्याचं शून्य त्याच्या शून्यापासून किती लांब, एवढंच.
फरक काढला की दोन्हीकडून जातात.
फरकाला शून्य लागत नाही.
तीन पूर्णांक सहा लिही.

ती पेनाचं टोपण चावत बसली.
मग म्हणाली, म्हणजे कुठून मोजायला लागलो
ते विसरून जायचं?
विसरायचं नाही गं,
म्हणालो, आणि पुढे काय म्हणायचं ते सुचेना.

दिगंबर नाशिकरोडला राहतो. माझा धाकटा.
सहा वर्षं बोललो नाही.
मी मोजतो ते सिव्हिलमधल्या त्या रात्रीपासून,
आईजवळ मी एकटा होतो तिथून.
तो त्याच्या आधीपासून मोजतो,
स्कूटर विकली तेव्हापासून, असं वहिनी सांगते.
त्याचं प्रत्येक बोलणं माझ्याकडे येईतो
बत्तीस वाढलेलं असतं.
माझंही तिकडे तसंच पोचत असणार.

संध्याकाळी थर्मासमधलं शून्य मोरीत ओतलं.
शटर ओढून बाहेर उभा राहिलो,
डिसेंबर, टपरीवाला स्टोव्हपाशी हात शेकत होता.
फोन लावला.
तिकडे थंडी किती रे?
बराच वेळ काही नाही.
मग, अकरा दाखवतंय.
इकडे साडेअकरा.

हं, म्हणाला. कुकरची शिटी ऐकू आली,
कुणीतरी त्याला हाक मारली, ठेवतो म्हणाला.

अर्धा अंश.
फॅरनहाइटमध्ये शून्य पूर्णांक नऊ.
दोनदा करून पाहिलं.